अंक फोनवर नेताना आधी पानं विसरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदुरात अठ्ठावीस वर्षं निघणारं एक मराठी त्रैमासिक. एरवी ६४ पानं, दिवाळीला १२८. प्रती पाचशे, त्यातल्या निम्म्या टपालाने बाहेरगावी. कागद आणि टपाल दोन्ही परवडेनासं झाल्यावर संपादक ताईंच्या भाच्याने अंकाची पीडीएफ ‘फ्लिपबुक’ करून संकेतस्थळावर टाकली. पान उलटलं की फर्रकन आवाजही येतो. चार अंक असे काढून झाले. आता ताई लिहितात, ‘‘लोक उघडतात, दोन पानं उलटतात, कौतुक करतात आणि बंद करतात. लेखाबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. एक कंपनी ॲप बनवून देते म्हणतेय. वाचकाला धरून ठेवेल असं करायचं तर नेमकं काय करायचं?’’

ताई, ॲप नको. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. तीन महिन्यांतून एकदा उघडायचं ॲप कुणी फोनमध्ये ठेवत नाही. जागा भरली की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर. शिवाय अँड्रॉइड दरवर्षी बदलतं, ॲपची डागडुजी करत राहावी लागते, आणि ती करणारा भाचा तोवर नोकरीसाठी बेंगळुरूला गेलेला असतो. फोनवर नीट वाचता येणारं साधं संकेतस्थळ तुम्हाला पुरून उरेल.

आता फ्लिपबुकाचं. तुमचं पान ए-फोर, म्हणजे २१० मिलिमीटर रुंद. फोनचा पडदा सत्तरच्या आसपास. म्हणजे पान एक तृतीयांश झालं, आणि ११ पॉइंटात लावलेला मजकूर साडेतीन-पावणेचार पॉइंटांचा दिसायला लागला. औषधाच्या पट्टीच्या मागे छापतात तसा. मग वाचक दोन बोटांनी पान मोठं करतो, ओळीच्या टोकापर्यंत सरकवत नेतो, परत डावीकडे येतो, आणि पुढची ओळ सापडेपर्यंत मागची विसरतो. त्यात तुमचं पान दोन कॉलमी. पहिल्या कॉलमच्या तळाशी पोचलात की पुन्हा डोंगर चढून वर. तुमचे वाचक साठी-सत्तरीचे आहेत. त्यांनी दोन पानं उलटली हाच त्यांचा मोठेपणा समजा. हा फर्रकन आवाज मीही एकेकाळी दोन-तीन अंकांना बसवून दिलाय आणि त्याचे पैसेही घेतलेत, म्हणून अधिकारवाणीने बोलतोय.

मुळात छापील अंकातलं काय उचलून न्यायचं, हे ठरवायला हवं. पान न्यायचं नाही. पान ही कागदाची सोय आहे. सोळा पानांचा फर्मा, चार फर्म्यांचा अंक. लेख साडेसात पानांत संपला तर उरलेल्या अर्ध्या पानात चारोळी नाहीतर मसाल्याची जाहिरात बसवायची. ही फर्म्याची गरज आहे, वाचकाची नव्हे. न्यायच्या गोष्टी वेगळ्याच. तुम्ही अमुक लेख आधी आणि तमुक नंतर का ठेवला, गंभीर लेखानंतर ललित का घेतलं, तो क्रम. अंक ठरल्या दिवशी येतो, तो शिरस्ता. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अंक संपतो. फोनवर बाकी सगळं अखंड वाहत असतं. तिथे एखादी गोष्ट पहिल्यापासून शेवटापर्यंत वाचून ‘झाली’ म्हणता येणं, हा सध्या चैनीचा अनुभव आहे. तुमच्याकडे तो आयता आहे. तो फ्लिपबुकात हरवला.

कामाला लागायचं तर सुरुवात सजावटीपासून करू नका. सुरुवात अक्षरांपासून. निम्म्याहून जास्त वेळ तिथेच जाणार आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

तुमच्या पीडीएफमधली एखादी ओळ निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपमध्ये चिकटवून बघा. मराठी आलं तर नशीब. बहुतेक ठिकाणी विचित्र इंग्रजी खुणांचा चिवडा येतो. कारण अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये लागलाय, आणि श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा जुन्या फॉन्टांत. या फॉन्टांमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार काढून ठेवलेले असतात. आपल्याला ‘क’ दिसतो, संगणकाच्या लेखी तिथे भलतीच खूण असते. म्हणून असा मजकूर गूगलला सापडत नाही, मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या यंत्राला वाचता येत नाही, आणि फोनवर रुंदीप्रमाणे आपोआप मांडताही येत नाही. इंदुरात आणखी एक गंमत असते. दिवसभर हिंदी पत्रकं आणि लग्नपत्रिका लावणाऱ्या ऑपरेटरने मराठी अंकही कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टातच लावलेला सापडतो. ‘ऱ्य’साठी त्याने काय जुगाड केलाय, ते त्यालाच माहीत. प्रत्येक ऑपरेटरचा जुगाड वेगळा.

हा सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेली खूण असते त्या पद्धतीत, आणावा लागेल. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, फुकटही मिळतात. पण कन्व्हर्टरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी टाइप होते आणि अक्षर नंतर. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. कन्व्हर्टरने ती उडी नीट मारली नाही की ‘स्थिती’ची ‘सि्थती’ होते. रफाराचं उलटं: जुन्यात तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. या चुका निदान डोळ्याला खुपतात, म्हणून सापडतात. खुपत नाहीत त्या जास्त वाईट.

एका मंडळाचा स्मरणिकेचा मजकूर मी असाच फिरवला होता. गणेशोत्सवात दहा दिवस महाप्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्या मंडळींचा सत्कार झाला, त्याची बातमी होती. छापील अंकात ‘आचाऱ्यांचा सत्कार’. माझ्या कन्व्हर्टरने प्रत्येक ‘ऱ्य’चा ‘र्य’ करून टाकला, आणि संकेतस्थळावर झळकलं, ‘आचार्यांचा सत्कार’. खाली फोटोत पंचे बांधलेले चार बल्लव. दोन दिवसांनी एका काकांनी फोन करून अगदी आदराने विचारलं की हे कोणत्या पीठाचे. चूक माझी होती, तपासलं नव्हतं. तेव्हापासून मजकूर फिरवल्यावर मी पहिला शोध ‘र्य’चा घेतो. सूर्य, कार्य, धैर्य बरोबर; दर्या समुद्र असेल तर बरोबर, डोंगरातल्या असतील तर दऱ्या. सुऱ्या, पायर्‍या, वार्‍या एकेक बघाव्या लागतात. यंत्राला अर्थ कळत नाही.

आणखी एक सूक्ष्म भानगड आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र म्हणून २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते बनवत. दोन्ही दिसायला सारखी, संगणकाला वेगळी. अर्धा ‘ऱ’सुद्धा दोन पद्धतींनी लिहिला जातो. परिणाम असा की वाचकाने तुमच्या जुन्या अंकांत ‘ॲडव्होकेट’ शोधलं तर निम्मे लेख सापडतात, निम्मे नाहीत. म्हणून सगळा मजकूर एकाच पद्धतीवर आणून ठेवा. एकदा शोधून-बदलण्याचं काम आहे, दहा मिनिटांचं. नाही केलं तर पुढे दहा वर्षं छळतं.

मजकूर कुठून घ्यायचा, यावरही बजावतो. लेखकाने ईमेलवर पाठवलेली फाइल युनिकोडमध्ये असते, आयती असते, आणि मोह होतो की तीच टाकावी. टाकू नका. शेवटच्या प्रुफात तुम्ही केलेल्या दुरुस्त्या त्या फाइलमध्ये नसतात. त्या प्रेसमध्ये, पेजमेकरच्या पानावर झालेल्या असतात. छापून आलेला अंक हाच खरा मजकूर. फाइल मिळत नसेल, प्रेस बंद झाली असेल, तर छापील पान ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम, लावा. टेसरॅक्टला मराठी येतं, गूगल ड्राइव्हलाही येतं. नंतर एकाने छापील अंकातून मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर डोळा ठेवायचा. प्रेसमध्ये पूर्वी असंच चालायचं. लोकमान्य नगर, रामबाग, राजेंद्र नगर इथे निवृत्त शिक्षिकांची काही वाण नाही. दोघींना चहा-पोहे देऊन दुपारी बसवा, एका बैठकीत वीसेक पानं होतात आणि वर गप्पाही होतात.

मजकूर शुद्ध झाला की मांडणी. इथे नियम थोडे आहेत, पण मराठीचे स्वतःचे आहेत आणि इंग्रजीवरून उचललेल्या साच्यांत ते पाळले जात नाहीत. आपल्या अक्षराला वर मात्रा, खाली उकार. त्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा जास्त लागते. अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट धरा. अक्षर फोनवर १८ पिक्सेलच्या खाली नको, तुमच्या वाचकांना २० द्या. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोडा. छापील पानाला ते शोभतं. फोनवर एका ओळीत पाच-सहाच शब्द मावतात, आणि आपला ‘विद्यार्थ्यांच्याबद्दल’सारखा एखादा शब्द आला की उरलेल्या शब्दांमध्ये बैलगाडी जाईल एवढी फट पडते. डावी कड सरळ, उजवी मोकळी. शीर्षकाची अक्षरं लांब-लांब पसरवायची हौस डिझायनर मुलांना फार असते. इंग्रजीत चालतं, आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसायला लागतात. तिरकी अक्षरंही नकोत. देवनागरीला ती चाल नाही, यंत्र नुसतं अक्षर ढकलून वाकवतं.

फॉन्टाबद्दल. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ आणि लांब वाचनासाठी ‘तिरो देवनागरी मराठी’ हे दोन्ही मोफत मिळतात, कायदेशीर मिळतात. तिरोमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्या वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात हीच वळणं प्रमाण धरली. आपण मध्य प्रदेशात, तो निर्णय आपल्याला लागू नाही; पण घरचं अक्षर डोळ्याला कळतंच. आपल्याकडे फोनची भाषा बहुधा हिंदी किंवा इंग्रजी ठेवलेली असते, त्यामुळे पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याचं नोंदवलं नाही तर हिंदी वळणाचा ल समोर येऊ शकतो. भाच्याला सांगा, ‘एमआर’ ही दोन अक्षरं घालायची आहेत. मोठ्याने वाचणारं यंत्रही त्यावरूनच मराठी आवाज निवडतं; नाहीतर तुमचा ललितलेख हिंदी हेल काढून वाचला जाईल. तसं ऐकायला आपल्याला इंदुरात फारसं वावगं वाटणार नाही, पण पुण्याचे वर्गणीदार पत्र लिहितील.

कवितेला वेगळी वागणूक हवी. लांब ओळ फोनवर मावली नाही की ती मोडून खाली येते, आणि वाचकाला कळत नाही की ही कवीने मोडलेली ओळ आहे की यंत्राने. उपाय सोपा आहे: मोडून आलेला तुकडा थोडा आत सरकवायचा. एवढं केलं तरी कवी तुम्हाला दुवा देतील. आणि कवितेचं चित्र करून टाकू नका, सजवलेल्या गुलाबी चौकटीत तर मुळीच नाही. चित्रातली कविता शोधता येत नाही आणि मोठीही करता येत नाही.

शब्दकोडं तुमच्या अंकाची जान आहे असं तुम्ही लिहिलंत, ते पटलं. तेच फोनवर सर्वात जास्त खेळलं जाईल. फक्त बनवणाऱ्याला सांगा की एका घरात एक अक्षर म्हणजे वाचकाचं अक्षर, संगणकाचं नव्हे. ‘क्षि’ आपल्याला एक, पण संगणक ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असं चार म्हणून मोजतो. इंग्रजी कोड्याचा तयार साचा घेतला तर तो एका ‘क्षि’साठी चार घरं मागेल. अक्षरं जोडून मोजण्याची सोय आजच्या ब्राउझरांत आहे, ती वापरायला लावा. आणि बनून आलं की ‘स्त्री’ नि ‘लक्ष्मी’ हे दोन शब्द घालून बघा; ते पास झाले तर कोडं पास.

चित्रांचं लवकर उरकतो. प्रेसला दिलेलं पानभर चित्र ३०० डीपीआयला सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं असतं आणि छपाईच्या चार रंगांत असतं. तसंच चढवलं तर उघडायला वेळ लागतो आणि रंग विटके दिसतात. पडद्याच्या रंगांत बदलून, १२०० पिक्सेल रुंद करून टाका. झालं.

आता तुम्ही विचारलेला ‘आकर्षक’ हा शब्द. व्हिडिओ, हलणारी मुखपृष्ठं, पार्श्वसंगीत, असं सगळं त्या कंपनीने तुम्हाला सुचवलं असणार. माझी एक पद्धत आहे. जुना अंक घेऊन बसायचं आणि लेखकाने जिथे ‘शब्दांत सांगणं कठीण आहे’ असं लिहिलंय तिथे पेन्सिलने खूण करायची. फोनची करामत तिथे वापरायची, बाकी कुठे नाही. समजा, उस्ताद अमीर खाँ यांच्यावर लेख आहे. इंदूरचं घराणं, त्यामुळे तुमच्या अठ्ठावीस वर्षांत एक तरी असणारच. लेखक मेरुखंडाबद्दल, म्हणजे स्वरांच्या उलटसुलट मांडण्यांबद्दल लिहितो, अतिविलंबित झूमरा तालात एकेक मात्रा कशी रेंगाळते ते सांगू बघतो आणि मग हात टेकतो. नेमकं त्या परिच्छेदाखाली ध्वनिमुद्रणाचा दुवा हवा, लेखाच्या शेवटी यादीत नव्हे. वाचून झाल्यावर कुणी यादी उघडत नाही. ध्वनिमुद्रण स्वतः चढवू नका, त्याचे हक्क कंपनीकडे असतात. कंपनीच्या अधिकृत ठिकाणचा दुवा द्या. देवळालीकर मास्तरांच्या इथल्या चित्रशाळेवर किंवा चित्रकार बेंद्र्यांवर लेख असेल तर तिथे चित्र मोठं करून बघायची सोय. रंगपंचमीच्या गेरवर, म्हणजे मिरवणुकीवर असेल तर राजवाड्यासमोरचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. आणि आजीच्या आठवणींवरच्या ललितलेखाला काहीही नको. त्याला पांढरं पान द्या आणि मध्ये येऊ नका.

एक गोष्ट मात्र सगळ्या लेखांना द्या: आवाज. तुमच्या वाचकांतल्या निम्म्यांचे डोळे थकलेत. आणि त्यांची नातवंडं मराठी बोलतात, हिंदीमुळे देवनागरीही वाचतात, पण मराठीचं लांब वाक्य आलं की अडखळतात. दोघांनाही ऐकायला आवडतं. बाराशे शब्दांचा लेख दहा मिनिटांत वाचून होतो. लेखकानेच वाचावा, महू नाहीतर देवासचा लेखक आपल्या हेलात वाचतो तेव्हा जी मजा येते, ती निवेदकाच्या कमावलेल्या आवाजात नाही. साधन म्हणाल तर फोनच. पंखा बंद, कपड्यांचं कपाट उघडून त्याकडे तोंड, खिडकीवर गोधडी. ६४ केबीपीएस मोनोमध्ये दहा मिनिटं पाच एमबीच्या आत बसतात. सुरुवातीला लेखाचं नाव, लेखकाचं नाव, अंक कोणता, एवढंच; सतार वाजवू नका.

अंकाचा अंकपणा कसा राखायचा, ते आता. प्रत्येक अंकाला मुखपृष्ठ असू द्या, आणि त्याखाली लगेच अनुक्रमणिका. छापील अनुक्रमणिकेत नाव आणि पान क्रमांक असतो. इथे पान क्रमांकाच्या जागी लेखाची एक ओळ द्या, संपादकाने लिहिलेली. ‘वाचनीय लेख’ असली नको. ‘मिल बंद झाल्यावर झांकीचं काय झालं’ अशी हवी. लेख संपला की खाली फक्त एकच दार: पुढचा लेख, तुमच्या क्रमातला. ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून आठ चौकोन लावू नका. शेवटच्या लेखाखाली लिहा, ‘अंक समाप्त’. वाचकाला फार बरं वाटतं.

आणि अंक एकदम ओतू नका. त्रैमासिकाला तेरा आठवडे मिळतात, तुमच्या अंकात पंधरा-सोळा लेख असतात. हिशेब जवळजवळ जुळतोच, दोन-तीन लेख तेवढे उरतात. प्रकाशनाच्या दिवशी पूर्ण अंक खुला करा, ज्याला सलग वाचायचाय तो वाचेल. पण त्यानंतर दर शनिवारी सकाळी एक लेख व्हॉट्सॲपवर पाठवा: शीर्षक, लेखातलीच दोन वाक्यं, दुवा. पोहे-जिलबीच्या वेळेला. पीडीएफ पाठवू नका. ती एका कुटुंबाच्या गटातून दुसऱ्यात जाते, लेखकाचं नाव मध्येच गळतं, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नावं मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच संदेश पोचतो. म्हणून पुढच्या छापील अंकात ठळक लिहा की हा नंबर अंकाच्या नावाने साठवून ठेवा. दुव्याबरोबर दिसणारं चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं करा आणि त्यावर शीर्षक मोठ्या अक्षरांत घ्या. लोक ते चित्र वाचूनच ठरवतात.

वाचकांची पत्रं आता पत्रं राहिली नाहीत, ती बोललेली येतात. आपली ज्येष्ठ मंडळी टाइप करत नाहीत, माइक दाबून दोन मिनिटं बोलतात. ते ऐका, त्यांची परवानगी घेऊन त्यातलं चार ओळींचं मराठी उतरवून पुढच्या अंकात छापा. किती जणांनी उघडलं हा आकडा भाचा तुम्हाला दर महिन्याला दाखवेल. त्याला विचारा, शेवटच्या परिच्छेदापर्यंत किती पोचले. मोजण्यासारखं तेवढंच आहे.

हक्कांचं राहिलं, आणि ते टाळून चालणार नाही. तुमच्या लेखकांनी लेख दिला तो छापायला. मानधन दिलं असेल, नसेल. लेखक तुमचे नोकर नाहीत, म्हणजे लेखाची मालकी त्यांचीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, आणि जे माध्यम करार करताना अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हतं ते करारात स्पष्ट लिहिलं नसेल तर त्याचे हक्क गेले असं धरता येत नाही. शिवाय मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुमचं संकेतस्थळ तर अमेरिकेतली लेकही उघडणार. म्हणून चार ओळींचं संमतिपत्र करा: लेखाचं नाव, छापील आणि संकेतस्थळ आणि ध्वनिरूप या तिन्हींसाठी परवानगी, मुदत, जगभर. खाली सही. लेखक हयात नसेल तर वारसांची. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि ती पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९६४ साली गेलेल्या लेखकाचं लेखन २०२५ च्या सुरुवातीपासून खुलं झालं. बहुतेक वारस आनंदाने सही करतात, ‘बाबांचं कुणी वाचतंय’ म्हणून डोळ्यांत पाणी आणतात. न विचारता टाकलं तर तेच वारस नोटीस पाठवतात. दोन्ही पाहिलंय. अंकाला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांना मिळतो तो आंतरराष्ट्रीय क्रमांक असेल तर संकेतस्थळावरच्या आवृत्तीसाठी वेगळा क्रमांक घ्यावा लागतो, तो अर्ज आत्ताच करून ठेवा.

संकेतस्थळाचं नाव कुणाच्या ईमेलवर घेतलंय, ते आज रात्री भाच्याला विचारा. माझ्या ओळखीच्या एका मंडळाचं नाव एका उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक ईमेलवर होतं. तो दुबईला गेला, नूतनीकरणाचे संदेश तिकडे जात राहिले, मुदत टळली, नाव दुसऱ्याने उचललं. आज तिथे जुगाराची जाहिरात दिसते आणि मंडळाच्या जुन्या पावत्यांवर अजून तोच पत्ता छापलेला आहे. नाव संस्थेच्या ईमेलवर, पासवर्ड दोन विश्वस्तांकडे, पैसे पाच वर्षांचे एकदम.

क्यूआर कोडचीही तीच कथा. छापील लेखाखाली आवाजासाठी कोड द्या, छान चालतो, किमान दोन सेंटिमीटरचा छापा. पण फुकट कोड बनवणाऱ्या सेवांचा कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जातो आणि मग तुमच्याकडे येतो. एका दिवाळी अंकात आम्ही असाच घेतला. महिनाभराने फुकटची मुदत संपली, आणि छापून वाटलेल्या प्रती वाचकांना त्या सेवेच्या ‘आता पैसे भरा’ या पानावर नेऊ लागल्या. छापलेलं कसं पुसणार? कोड थेट तुमच्या पत्त्याचा बनवा.

छापील अंक बंद करू नका, असं मी म्हणेन; पाचशेच्या दीडशे करा. ज्यांना कागदच हवा ते, ग्रंथालयं, आणि लेखक. दिवाळी अंक मात्र पूर्ण छापा. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ती सवय आहे, दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी फोन शोभत नाही.

जुने अंक सगळे एकदम अंगावर घेऊ नका. एक निवडा. २००१ साली इंदुरात साहित्य संमेलन झालं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या. १९१७ आणि १९३५ नंतर आपल्या गावाला मिळालेला तिसरा मान. तेव्हाचा तुमचा विशेषांक असणारच. तोच पहिला घ्या. लोकांच्या आठवणी ताज्या आहेत, फोटोंत स्वतःला शोधायला सगळे येतील, आणि त्या निमित्ताने संमतिपत्रांवर सह्याही होतील.

मात्र त्या अंकाची फाइल उघडायला जुना पेजमेकर आणि त्याचे फॉन्ट लागतील. जुन्या प्रेसवाल्याकडे सीडीचा डबा असेल, त्यावर स्केचपेनने ‘संमेलन’ नाहीतर ‘फायनल’ लिहिलेलं असेल. ‘फायनल’ लिहिलेल्या तीन-चार निघतील. सगळ्या आणा. फॉन्टची सीडी वेगळी असते, ती विसरू नका. तिच्याशिवाय बाकीच्या उघडून काही कळणार नाही.